गप्प बसायची जागा

समर्थ : ...आणि दोन हजार एकोणीस सालातली ही आपली शेवटची ट्रिप, म्हणून कणकुंबीचा झरा मी मुद्दाम ठेवलाय. तिथं दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. डोळे मिटून नुसतं जंगल ऐकायचं.

बायाक्का : बाळ, जरा हिकडं ये. ते झऱ्याचं ऱ्हाऊ दे की.

समर्थ : आज्जी, लोक बेळगावहून त्यासाठीच येतात. चढ जमणार नाही का तुम्हाला?

बायाक्का : मला जमतंय. ह्यांचं म्हणत्ये मी, माझ्या मालकांचं. ह्यांना ऐकू येत न्हाय.

समर्थ : आजोबांना? मघाशी तर छान बोलले माझ्याशी.

बायाक्का : तू काय इचारलंस आणि ते काय बोलले, आठव बघू.

समर्थ : मी विचारलं, गाडी लागते का. म्हणाले, शिरा झकास झालाय.

बायाक्का : तेच. पर त्यांना त्ये ठावंच न्हाय.

समर्थ : असं कसं, आज्जी? ऐकू येत नाही हे स्वतःला कळत नाही?

बायाक्का : वडगावात घर हाय आमचं. घरातच चार पावरलूम, दिवसभर खडाखडा. लगीन झाल्यापास्नं आम्ही हातानंच बोलतोय. सूत तुटलं, च्या झाला, दारात कोण आलंय, सगळ्याला खुणा. त्यात कान कवा गेलं, कळलंच न्हाय त्यांना. आताची पोरं तोंडातल्या तोंडात बोलत्यात, म्हणत्यात.

समर्थ : आणि तुम्हीही सांगितलं नाहीत.

बायाक्का : कसं सांगू? शेजारच्या खोलीतनं नुस्त्या आवाजावर वळखायचे, कुठला माग बिघडलाय त्ये. आणि आता नातीनं, मंजुश्रीनं, हौसेनं तिकिटं काढली. न्हाय म्हणाया जीभ रेटंना.

समर्थ : बरं. मी लवकर आटपतो. तुम्ही त्यांच्याजवळच बसा.

(झऱ्यापाशी. बायाक्काचे मालक यमनाप्पा तिच्याशेजारी बसले आहेत; ती त्यांच्याशी खुणांनी बोलते आहे.)

यमनाप्पा : अगं, ही सगळी डोळं मिटून का बसल्यात?

बायाक्का : हे बघा, हात जोडले. देव. देवाचं नाव घेत्यात.

यमनाप्पा : डोंगरात येऊन? बरं.

समर्थ : ऐका. कुटुरगा पक्षी बोलतोय. अगदी जवळ.

यमनाप्पा : अगं.

बायाक्का : आता काय?

यमनाप्पा : डोळं मिटल्यात न्हवं सगळ्यांनी? मग समद्यांनी एकदम डावीकडं मान कशी वळवली?

बायाक्का : वळवली असंल.

यमनाप्पा : तूबी वळवलीस.

समर्थ : आजोबा, पाणी देऊ का?

यमनाप्पा : ह्याचं तोंड हललं. बोलला व्हय काय?

बायाक्का : व्हय.

यमनाप्पा : आणि हे पाणी? एवढं दगडावर पडतंय. त्याला आवाज हाय?

बायाक्का : हाय.

यमनाप्पा : कवापास्नं, गं? बोटावर दाव.

बायाक्का : हे एवढी वर्सं. सात-आठ.

यमनाप्पा : मला वाटलं, तू रुसलीस. माग बंद करून दिवा मालवला की तुझं बोलणंच न्हाय. म्हणलं, कंटाळली असंल मला. ह्या वयात इचारायचं तरी कसं?

बायाक्का : बोलत हुते हो. रोज बोलत हुते.

यमनाप्पा : हातानं सांग.

(पाच वर्षांनी. वडगाव. समर्थ बायाक्काच्या घरी साडी घ्यायला आला आहे.)

समर्थ : ओळखलंत का, आज्जी?

बायाक्का : कणकुंबीचा न्हवं तू? बस. अजून हिंडवतोस का माणसं?

समर्थ : लॉकडाऊनमध्ये बंद पडलं ते. आता मच्छेला फॅक्टरीत आहे. लग्न ठरलंय माझं. आजोबा कुठायत?

बायाक्का : गेल्या दिवाळीआधी गेले. तीन माग भंगारात घातले, एक लेक चालवतोय. मंजुश्री पुण्याला नोकरीला असती. तिनंच त्यांना कानाचं मशीन आणून दिलंतं.

समर्थ : घालायचे का ते?

बायाक्का : दिवसा न्हाय. मागाचा आवाज डोस्क्यात घुसतोय म्हणायचे. रातच्याला माग थांबला की घालायचे आणि माझ्याम्होरं येऊन बसायचे. म्हणायचे, बोल आता.

समर्थ : मग काय बोलायचात?

बायाक्का : कायच सुचायचं न्हाय रं. इतकी वर्सं अंधारात एकटीच बोललेली, त्यातच सगळं सांगून झालंतं. मी गप्प बसले की म्हणायचे, बरं, न्हायतर नुस्ती भांडी घास. मी ऐकतो.