हसऱ्या पाळकांची दाढ

पाळक : …आणि म्हणूनच मी सांगतो, डॉक्टर, ज्याच्या अंतःकरणात प्रभूचा आनंद आहे, त्याला या जगातली कोणतीही वेदना हलवू शकत नाही! वादळ येवो, तुरुंग येवो, तलवार येवो, तो माणूस… आई गं! आई गं!

डॉक्टर : मी नुसता आरसा लावलाय, पाळकसाहेब.

पाळकबाई : तलवार अजून यायचीय.

पाळक : गार होता तो! एकदम लागला.

डॉक्टर : कुठली दाढ? ही?

पाळक : हीच! हात नका लावू!

डॉक्टर : हात न लावता मला फक्त प्रार्थना करता येईल, आणि तीही हल्ली जमत नाही. कधीपासून दुखतेय?

पाळकबाई : महिना झाला की. ‘प्रभू बघेल, प्रभू बघेल’ चाललं होतं. शेवटी प्रभूनं बघितलं आणि तुमच्याकडे पाठवलं.

पाळक : मी आनंदानं सोसत होतो.

पाळकबाई : हो तर! परवा दूध गरम म्हणून माझ्यावर ओरडलात. गार करून दिलं, तर गार म्हणून ओरडलात.

डॉक्टर : आ करा. सुन्न करायचं इंजेक्शन देते. जरासं टोचेल… झालं. आता दाढेत औषध भरायचंय. हा कापूस गालात राहू द्या आणि तोंड असंच उघडं ठेवा. बोलायचं नाही.

पाळक : कधीपर्यंत?

डॉक्टर : मी सांगेपर्यंत.

पाळकबाई : इतकी वर्षं संसार केला, पण हे वाक्य काही मला सुचलं नाही.

पाळक : अं!

डॉक्टर : एका अर्थी बरंच झालं. मला तुमच्याशी बोलायचं होतं, आणि तुम्ही गप्प असण्याची वेळ काही येत नव्हती. ही बघा, रविवारच्या शाळेच्या कपाटाची किल्ली. इथे टेबलावर ठेवतेय. या रविवारपासून मी घेते तो मुलांचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या.

पाळक : अं? अंऽ! अंऽऽ!

डॉक्टर : काय म्हणतायत?

पाळकबाई : ‘का?’ म्हणतायत.

डॉक्टर : तुम्हीच सांगितलंत ना, गेल्या रविवारी, चर्चच्या फाटकात. ‘मुलांपुढे उभं राहणाऱ्याचा चेहरा प्रसन्न हवा, डॉक्टर. तुमचे यजमान जाऊन वर्ष होत आलं. आता अश्रू पुसा. लोकांपुढे आपल्या विश्वासाची साक्ष बिघडते.’ अख्खी मंडळी बाजूनं जात होती.

पाळकबाई : असं म्हणालात तुम्ही?

पाळक : अं…

पाळकबाई : ‘हो’ म्हणतायत. ‘मी गाढव आहे’ असंही म्हणतायत.

पाळक : अं अं अं!

पाळकबाई : अगदी मनापासून म्हणतायत.

डॉक्टर : आ मोठा करा. त्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून तुम्हाला मी रडताना दिसले. पण का रडले, ते नाही विचारलंत. त्या पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या पोरीनं मला विचारलं, ‘बाई, काका देवाकडे गेले, मग तिकडे त्यांना चष्मा लागतो का हो?’ पाळकबाई, आमच्या ह्यांचा चष्मा अजून उशाशीच आहे. मी रोज पुसते. काच कशी लख्ख आहे, आणि तिच्यातून बघणारं कुणी नाही. मला रडूच फुटलं. तेवढ्यात मागून एक कार्टं उठलं आणि जणू कालच तिकडे जाऊन आल्यासारखं म्हणालं, ‘छे! तिथे सगळं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.’

पाळकबाई : अगं बाई!

डॉक्टर : आणि मी हसले हो. रडता रडता हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा खरं हसले. वर्षभर मंडळीत तोंडभरून हसतच होते म्हणा. लोकांचे दात बसवण्यात आयुष्य गेलं, हसू कसं बसवायचं ते काय मला ठाऊक नाही? पण त्या दिवशी आतूनच काहीतरी वर आलं. वाटलं, प्रभू इथंच कुठेतरी बाकावर दाटीवाटीनं बसलाय, आणि त्यालाही हसू आवरत नाहीये. त्याच भरात बाहेर आले, तर फाटकात तुम्ही.

पाळक : अं.

पाळकबाई : ‘पुढे सांगा’ म्हणतायत. हे नवीन आहे.

डॉक्टर : एक मिनिट. मान जरा इकडे. हं… पाळकबाई, हे झोपेत दात खातात का?

पाळकबाई : खातात? दळतात! पहिल्यांदा मला वाटलं, शेजाऱ्यांनी फरशी बदलायला काढली. मी कानांवर उशी घेऊन झोपते.

पाळक : अंऽऽऽ!

पाळकबाई : ‘घरातली गोष्ट चारचौघांत कशाला’ म्हणतायत.

डॉक्टर : सगळ्या दाढा झिजून सपाट झाल्यात. हिला तडा गेलाय तोही त्यामुळेच. दाढ वाचेल, वर टोपी बसवू. रात्री दातांवर घालायला एक पट्टी देते. पण पाळकसाहेब, मला सांगा, दिवसभर हसणाऱ्या माणसाच्या तोंडात या दाढा आल्या कुठून?

(डॉक्टर पाळकांच्या गालातला कापूस काढून घेतात.)

पाळक : थंडीनं होत असेल.

पाळकबाई : नीट सांगा. नाहीतर पुढचंही मीच सांगेन.

पाळक : नको. सांगतो… मला भीती वाटते, डॉक्टर. व्यासपीठावर चढून ‘आनंद करा’ म्हणतो आणि स्वतःच्या आत डोकावतो, तर तिथे सगळं सामसूम. किती वर्षं झाली असतील. प्रभूपाशीसुद्धा हे कधी बोललो नाही. तो काय म्हणेल? पाळक, आणि असा! मग कुणी रडताना दिसलं, की मी आधी त्याला गप्प करतो. त्याचं ऐकत बसलो तर माझाच बांध फुटायचा. तुम्हाला बोललो ते त्या भीतीपोटी. वर साक्षीचं नाव दिलं. चुकलो मी.

डॉक्टर : तुम्ही आनंदाचा संदेश बायबलमधल्या ज्या पत्रावरून देता ना, ते प्रेषितानं बेड्यांत असताना लिहिलंय. आणि त्याच पत्रात तो म्हणतो, की हे मी रडत रडत सांगतोय. यंदा तेवढंच एक पत्र परत परत वाचलं मी. रडणंही त्यात, आनंदही त्यातच. त्याला कुणी फाटकात अडवलं नाही.

पाळक : तेवढी ओळ मी गाळूनच पुढे जात आलो.

पाळकबाई : संदेश वेळेत संपवायचा असतो ना.

पाळक : ती किल्ली उचला, डॉक्टर. वर्ग तुमचाच. रडत घ्या, हसत घ्या, पण घ्या. आणि… मी मागच्या बाकावर येऊन बसलो तर चालेल? वरच्या वर्गात फारच लवकर गेलो मी.

डॉक्टर : बाक लहान आहेत. गुडघे हनुवटीला टेकतील. आणि मध्ये बोलायचं नाही.

पाळकबाई : कापसाचं मी बघते.

डॉक्टर : बरं. ही टाकली किल्ली खिशात.

पाळक : देवाची स्तुती असो! चला, प्रार्थना करू या.

डॉक्टर : थांबा. आज मी करते. मोठ्यानं कित्येक दिवसांत केली नाहीये, अडखळले तर सांभाळून घ्या… प्रभू, हा माणूस रात्री दात खातो आणि मी रडते. तू दोघांच्याही घरी जागा असतोस. आम्ही तुझ्यापुढे चेहरा नीटनेटका करून येत होतो, त्याची क्षमा कर. त्या वर्गात आलास तसा अधूनमधून येत जा. आमेन.

पाळकबाई : आमेन गं बाई, आमेन.

पाळक : आमेन! डॉक्टर, इतक्या हलक्या मनानं आमेन म्हटल्याचं मला आठवतसुद्धा नाही. आत्ता आत काय वाटतंय म्हणून सांगू!

डॉक्टर : सांगा ना.

पाळक : सांगतो. आधी तेवढी खुर्ची सरळ करा. मघापासून डोकं खाली आणि पाय वर आहेत.