पानोपानी पेन्सिल

वाचनालयाच्या बाईंनी परत आलेली रहस्यकादंबरी उघडली आणि कपाळाला हात लावला. समोर नवरा-बायको उभे होते.

“पानोपानी पेन्सिल! कोणाचे हे उद्योग?”

“यांचेच असणार.”

“मी कशाला? नवरा थापा मारतो तिथे तिथे रेघ आहे. तूच ओढलीस.”

“बायको गोळ्या चुकवते तिथेही आहे की! ती मी ओढीन?”

“तुझ्या आईसारखीच तूही गोळ्या चुकवतेस, हे कबूल केलंस तर!”

“आणि तुम्ही थापा?”

“अहो, भांडण घरी न्या. आधी हे खोडून द्या.”

दोघं पुस्तकावर वाकली. शेवटच्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘या गोष्टीतली मुलगी मावशीकडे राहायला जाते. मीपण जाऊ?’

“आपल्या धाकटीचं अक्षर,” बायको म्हणाली.

“तेवढं खोडू नका,” बाई म्हणाल्या.