आलीचेचीच्या दोन लायनी

नाही नाही, ती वायर सोड राजप्पन, हात लावू नकोस. दुसऱ्या कंपनीची आहे ते मला ठाऊक आहे. तुझी खिडकीतून आलेली आहे, तीही राहू दे. दोन्ही हव्यात. बस आधी, खुर्चीवरचे कपडे सार बाजूला. तुझ्या ऑफिसातला माणूस मला मोठी बहीण केल्यासारखं फोनवर विचारतो, आलीचेची, एकट्या बाईच्या एका कॉम्प्युटरला दोन-दोन इंटरनेट कशाला? जसे काही मी दोन नवरेच केलेत! एकाला सांभाळता सांभाळता जन्म गेला — असो.

तो डबा बघ, कपाटामागच्या फटीत हिरवा दिवा लागलाय तो. दोन्ही वायरी त्यात शिरतात. तुझी गेली की दुसरी आपोआप धरते, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि तुझी जाते — तोंड वाकडं करू नकोस — माडाची झावळी पडली की जाते, रस्ता खणला की जाते, पंचायतीची निवडणूक आली तरी जाते. माझं काम काय, तुला माहितीये ना? कुवेतला सत्तावीस वर्षं नर्स होते, आता घरबसल्या दुभाषी. आपली म्हातारी माणसं मुलांकडे आयर्लंडला जातात, तिथे आजारी पडतात. डॉक्टरला मल्याळम येत नाही, यांना इंग्रजी येत नाही. मग पडद्यावर मी. परवा कोन्नीचे एक आजोबा म्हणाले, डॉक्टरला सांग, तुमची पेज म्हणजे भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे. सांगितलं मी! शब्द गाळायचा नाही, नियमच आहे तसा.

आधी एकच लाइन होती, तुझी. मग भार्गवीअम्माचं झालं. नवरा आत पडलेला, मुलगा कामावरून निघालेला, अजून पोचायचा होता. डॉक्टर तरुण पोरगी, ती हळूच म्हणाली, आता काही करण्यासारखं नाही, दोन-तीन दिवस फार तर, यांना सांगा. आणि भार्गवीअम्मा माझ्याकडे बघून हसली. "काय म्हणतेय गं पोरी? घरी कधी सोडणार यांना?" — आणि लाइन गेली. वीस मिनिटं. ती बाई वीस मिनिटं त्या डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसली असणार. मग मुलगा आला आणि आपल्या आईला त्यालाच सांगावं लागलं. मुलांवर ती पाळी येऊ नये म्हणून तर मला बसवलंय तिथे.

तक्रार केली मी, हो. तू भर पावसात खांबावर शिडी लावलीस, पार कोपऱ्यापर्यंत वायर तपासलीस आणि म्हणालास, चेची, कुठे काही बिघडलेलं नाही. किती बोलले मी तुला, आठवतं? शेजारणीसुद्धा बाहेर आल्या होत्या.

बिघडलेलं नव्हतंच रे.

या हाताने ओढली वायर. टेबलाखालून. भार्गवीअम्मा हसली ना — मला सांगायला जमेना. आणि माझा नवरा, बेबिच्चन, गेला तेव्हा मी कुवेतला वॉर्डात होते. इथून जिने फोन केला, तिने "आली, बेबिच्चन..." एवढं म्हणून ठेवून दिला. वर्षभर शिव्या दिल्या मी तिला. वर्षभर!

त्याच आठवड्यात दुसरी लाइन घेतली. तिचं टोक आणि तो डबा मुद्दाम कपाटामागे लावून घेतले — कपाट हलवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि या गुडघ्यांनी कपाट काही हलत नाही. आता तुझी ओढली तरी समोरचं माणूस तिथेच असतं, माझ्याकडे बघत. बोलावंच लागतं. चौघांना सांगितलंय तेव्हापासून. चौघांनाही पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ते रडतात, मी थांबते, डॉक्टर थांबते. कुणी उठून जात नाही.

असा बघू नकोस. ऑफिसात सांग, म्हातारीचं डोकं फिरलंय, दोन्ही राहणार म्हणते. आणि त्या पावसातल्या दिवसाचं — जाऊ दे, तू समजलास.

थांब, वाजतंय. ऊठ, ऊठ, पडद्यात दिसशील तू. दार लोटून जा.

हां, नमस्कार अम्मा. माझं नाव आली, तुमची दुभाषी. बोला, ऐकू येतंय मला.