मालकाच्या रकान्यात माझं नाव

मूळचे आम्ही देवगडकडचे, पण मी जन्मले भांडुपला, टेकडीवरच्या खोलीत, आणि माझा बाप कांजूरमार्गच्या एका गोदामात हमालांचा मुकादम होता, त्यामुळे ट्रक हा प्रकार मला लहानपणापासून माहीत, गाडी भरून आली की रिकामी हे मी नुसत्या आवाजावरून सांगायचे. शिकले दहावीपर्यंत, भाव करायला मात्र बापाकडून शिकले. लग्न झालं तेही ट्रकवाल्यांच्या घरात, मुलुंडला. आमचे हे ड्रायव्हर. गाडी दोघा भावांची मिळून, असं लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं, पण कागद सगळे मोठ्या दिरांच्या नावावर. त्यांना मी दादा म्हणते, अजूनही दादाच म्हणते, कितीही राग आला तरी तोंडाला वळण पडलंय ना.

काय सांगू तुम्हाला, बारा वर्षं तो धंदा मी चालवला. फोन माझ्याकडे, पार्ट्या माझ्या, कुठला माल कुठे, परतीला काय भरायचं, भाडं किती सांगायचं, सगळं मी एका हातात लाटणं आणि कानाला फोन लावून. गाडी रिकामी परत आली तर मला जेवण जायचं नाही. एकाच्या दोन गाड्या झाल्या. दुसरी घेतली तेव्हा मी म्हटलं, दादा, ही तरी आमच्या नावावर करा. तर ते जावेसमोर, पाहुण्यांसमोर हसले आणि म्हणाले, शालन, तुझं नाव रेशनकार्डावर आहे ना, मग अजून कुठे पाहिजे? सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, ते मी त्यांना अजून ऐकवते. त्याच आठवड्यात मी धंद्याचा फोन जावेच्या हातात दिला आणि म्हटलं, घ्या, चालवा आता.

आणि ठरवलं, गाडी घ्यायची ती माझ्याच नावावर. बँकेला पटवलं, धंद्याची नोंदणी केली, जीएसटीचा नंबर काढला, सगळं स्वतः जाऊन, न कळलं तर चार लोकांना विचारून. आरटीओच्या बाहेर एक एजंट म्हणाला, मॅडम, उन्हात कशाला उभ्या राहता, घरी बसा, मी करतो. मी म्हटलं, घरी बसायचं असतं तर घरी थोडं काम होतं का. एक पार्टीही मिळाली, रंगाच्या डब्यांची, माल गुजरातला आणि इंदूरला जाणार. पण त्यांची अट साफ होती, देशभर चालणारं नॅशनल परमिट असलेली गाडी सोमवारी दारात पाहिजे, नाहीतर तुमच्या दिरांनी विचारून ठेवलंच आहे. घ्या! माझीच ओळख काढून दादा तिथे पोचले होते.

आता इथे मी माती खाल्ली, ती ऐका. ट्रक विकत घेताना नुसती चेसिस मिळते, म्हणजे इंजिन आणि चाकं, मागचा हौदा आपण बांधून घ्यायचा. कुर्ल्याला आमचे ओळखीचे इस्माईलचाचा हौदे बांधतात. त्यांच्याशी मी दोन तास घासाघीस केली, भाव पाडला, आणि पाडूनही समाधान होईना, तर म्हटलं, चाचा, याच पैशात वरून एक फळी जास्त लावा, माल जास्त बसेल. चाचा म्हणाले, बाई, मंजूर नकाशापेक्षा उंच जाईल. मी म्हटलं, द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणा, नकाशा कशाला मध्ये आणता. चाचांनी हात जोडले आणि लावली फळी. मी घरी अशी आले की जणू किल्ला जिंकला.

गुरुवारी गाडी तपासणीला नेली. इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिसचा नंबर बघितला, दिवे बघितले, मग टेप काढला आणि हौदा मापला. म्हणाले, सहा इंच जास्त आहे, नाही होणार. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, साहेब, सहा इंचाला काय धरून बसलात, बारा वर्षं मी हा धंदा करते, असल्या उंच गाड्या रस्त्यावर शंभर दाखवते तुम्हाला. आवाज एवढा चढला की लायनीतले ड्रायव्हर गाड्यांतून उतरून बघायला आले. साहेब शांत. म्हणाले, बाई, गाडी पुलाखाली अडकली ना, की पूल तुमच्याशी भाव करणार नाही. शनिवारी सकाळी कमी करून आणा. सगळे ड्रायव्हर हसले, आणि खरं सांगू, साहेबांचं चूक नव्हतं म्हणून मला जास्त झोंबलं.

संध्याकाळी दादा घरी हजर, बातमी आधीच पोचलेली. आवाज कसा, तर मधासारखा. म्हणाले, पार्टी हातची जाईल, शालन, गाडी माझ्या नावावर कर, माझी सगळीकडे ओळख आहे, सोमवारी माल भरून निघेल, शेवटी घर एकच ना. मी उत्तर देणार, एवढ्यात आमचे हे, जे भावासमोर कधी मान वर करत नाहीत, ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, दादा, गाडी तिची आहे, मी नुसता चालवतो. काय बोलायचं ते तिच्याशी बोल.

मी म्हटलं, दादा, चहा घ्या, थंड होतोय. त्यांनी घेतला नाही.

शुक्रवारी फळी काढायला कुर्ल्याला गेलो. चाचा, मी सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. कापायचे पैसे किती म्हणून विचारलं, त्यांनी आकडा सांगितला आणि मी गुपचूप दिले. चाचाच घाबरले, बाई, तब्येत ठीक है ना, म्हणाले.

शनिवारी मात्र झकास! टेप लावला, माप बरोबर, साहेबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि सही केली. दुपारपर्यंत नंबर पडला. आधी राज्याचं परमिट, मग त्याच्यावर नॅशनल परमिट, रविवारचा दिवस कॉम्प्युटरसमोर काढला, आणि प्रिंट हातात आली तेव्हा मालकाच्या रकान्यात माझं अख्खं नाव, वडिलांचं नाही, दिरांचं नाही. दोनदा मोठ्याने वाचलं. शेजारीण आली काय झालं बघायला, तिलाही वाचून दाखवलं. सोमवारी गाडी पार्टीच्या दारात उभी.

आता वर्ष होत आलं. दादांवरचा राग गेला का, तर नाही गेला, खोटं कशाला सांगू. त्यांच्या दोन गाड्या चालतात, चालू देत, देव त्यांना भरभरून देवो, पण माझ्या पार्ट्या सोडून. परवा गुजरातच्या हद्दीवर गाडी अडवली, कागद मागितले, विचारलं, मालक कोण? आमच्या ह्यांनी सांगितलं, बायको. तो अधिकारी हसला असणार, कारण ह्यांनी मला तिथून फोन लावला आणि त्याच्या कानाला दिला. मी म्हटलं, हां साहेब, मालकीण बोलतेय, विचारा काय ते.