कोणत्या ढिगाखाली मोठमाय

नाही पाळकसाहेब, हे मी ऐकून घेणार नाही. आत्ता प्रार्थनेत तुम्ही परत तेच बोललात, रडू नका, ती उठणार आहे. माझा बाप गेला तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात आणि तेव्हाही आपली जुंपली होती. ती उठणार, हे मलाही माहीत आहे. पण कुठून उठणार, ते सांगा.

मंडळी, माफ करा. शोकसभेत असं कोणी बोलत नाही. मी सातवीच्या पुढं शिकलो नाही, आणि चार माणसांत उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ.  उभा राहिलो की रडू येईल असं वाटलं होतं. आलाय तो राग.

सुशीलाबाई कोणाची ताई, कोणाची काकू. माझी मोठमाय. बापाच्या मोठ्या भावाची बायको. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात. फोन आला त्याच दिवशी निघालो, तरी मलकापूरला उतरेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. माती तुम्ही दिली. त्याचे उपकार आहेत, खरंच आहेत. स्टेशनवरून थेट कबरस्तानात गेलो. तिथं तीन ताजे ढीग.

तीन, मंडळी. गावात गेलं होतं एक माणूस.

मग कळलं. पहिला खड्डा खणला, खाली जुनी कबर निघाली; वरचा ढीग पावसानं बसून गेलेला. बुजवला. दुसरा खणला, तिथंही कोणीतरी झोपलेलं. तिसऱ्यात जागा मिळाली. वरून झड लागलेली, सगळे घाईत. क्रूस नंतर लावू म्हणाले. पावसानं रातोरात तिन्ही ढीग सारखे करून टाकले. मी विचारलं, तिला ठेवलं कुठं? एकानं बाभळीकडचा ढीग दाखवला. दुसऱ्यानं मधला. आपल्या मंडळीचे चिटणीस याकोबमामा, त्यांनी तिसरा दाखवला, आणि माझं तोंड पाहून म्हणाले, "काऊन जीव जाळून राह्यला बाबू? ती काय तिथं हाये का आता? देवाले माहीत हाये ना सारं."

मामा, देवाले माहीत हाये. पण मातीले तुम्ही होते ना?

आणि ते जुने दोघं कोण? ते फक्त तिला माहीत होतं. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही आपापल्या पक्क्या कबरी धुवायचे, फुलं ठेवायचे. उघडे मातीचे ढीग, ज्यांच्या मागं कोणी उरलं नाही, ते तिच्या वाट्याला. त्यांना चुना ती लावायची. हा कोण, ती कोण, सगळं तिच्या डोक्यात. वहीत उतरवून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. सुशीलाबाई आहे ना, विचारू तिला. झालं.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलो तर तिनं बादली माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "मोठमाय, मातीले काऊन चुना लावतं? एका पाण्यात धुवून जाईन."

"लाव गुमान. पहाटे हाक आली, माणूस उठून बाहेर आला, तं त्याले आपलं घर पोतलेलं दिसलं पाहिजे का नाही? अन् तुहा आजा तं लय नखऱ्याचा. चुना नसन तं म्हणन, मी नाही उठत, झोपू द्या."

तिचा विश्वास असा होता. हाताला भेगा पाडणारा. आपला कसा आहे? कबरस्तानाची वाट काट्यांनी भरली, तरी उठणार आहे. कुंपण पडलं, बकऱ्या आत चरतात, तरी उठणार आहे. ही आशा नाही मंडळी. हा आळस आहे, आणि त्यावर आपण देवाचं नाव टाकलंय.

पाळकसाहेब, तुम्ही शिकलेले, मी चुकलो तर अडवा. प्रभूला धरलं तेव्हा शिष्य पळाले. बायका थांबल्या. त्याला कुठं ठेवतात ते त्यांनी नीट पाहून ठेवलं, म्हणून त्या पहाटे बरोबर त्याच कबरीवर गेल्या. पाहून ठेवलं नसतं तर? कबर कोणती हेच माहीत नसतं, तर ती रिकामी झाली हे कोणाला कळलं असतं? आज आपण कशाच्या भरवशावर इथं बसलो असतो?

सांगा ना.

 पाळकसाहेब, तुम्हाला चारचौघांत कोंडीत पकडावं, असं माझ्या मनात नव्हतं.

आता उकरून बघता येणार नाही. मी बघूही देणार नाही. क्रूस तिन्ही ढिगांवर लागतील. एकाखाली मोठमाय, आणि दोघांखाली ते, ज्यांची नावं तिच्याबरोबर गेली. शेजाऱ्यांना वगळून तिला एकटीला काही दिलेलं तिनं कधी घेतलं नाही.

शेवटी दोन मिनिटं गप्प उभं राहायची रीत आहे. राहू. पण डोळे मिटू नका. आपलं माणूस नेमकं कुठं ठेवलंय, ते आठवा, आणि बाहेर पडताना याकोबमामाला सांगा. मामा, ही वही घ्या. सारं लिहून घेजा.

मोठमाय, जय ख्रिस्त. मी उद्या निघतो. लोहार एका क्रूसाचे बाराशे सांगतो. दहा तारखेला पगार होतो. छत्तीसशे रुपये मामांकडे पाठवतो.