सकाळपासून एकच ओळ

हॅलो?… हो, स्टेफी, बोल. स्वप्नाच बोलतेय… आलं ना पुस्तक. सकाळीच कुरियरवाला देऊन गेला… छान झालंय गं. ताईचे सगळे लेख एकत्र, तेही तू जमवलेले… नाही, ताईला फोन नाही देता येणार आत्ता.

झोपली नाहीये… अगं ऐक ना. रविवारचा नंदाखाल गावातला प्रकाशनाचा कार्यक्रम… पत्रिका वाटल्यासुद्धा? 'डॉ. जयवंती स्वतः एक पान वाचून दाखवतील', असं ताईच्या नावाने छापलंस?… अगं, मला विचारायचंस तरी.

काय सांगू… चालते की. बोलतेही नीट… स्टेफी, तिला वाचता येत नाही.

चष्म्याचं नाही गं. चष्म्याने भागलं असतं तर दहा आणले असते. गणपतीत तो स्ट्रोक आला ना, त्यात गेलं. वाचणं तेवढं गेलं… हो, लिहिता येतं. तेच तर. परवा दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली, अक्षर पूर्वीसारखंच, आणि मलाच विचारते, स्वप्ना, काय लिहिलंय यात?… डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

कुणाला सांगू नकोस म्हणाली. लाज वाटते तिला. मुलं कशी वाचतात ते शोधण्यात जन्म काढला. चिंचोटीच्या शाळेत जमिनीवर बसून पोरांचं ऐकायची. शिक्षकांशी भांडायची, मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका म्हणून… हो, तुला मी काय सांगणार. चौथीपर्यंत तुला एक ओळ येत नव्हती… हो, हो, तेच म्हणायची. 'सावकाश. आपल्याला कुठे जायचंय?'

आता? गॅलरीत बसलीय, तुझं पुस्तक मांडीवर घेऊन. बोटाने अक्षर गिरवते, मग ओळखते. हाताला आठवतं ना अजून. पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. मघाशी म्हणाली, पोरं का रडायची ते आत्ता कळलं मला.

पहिलंच पान… हो, तू अर्पण केलंयस ते. मी वाचलं. 'मॅडम, तुम्ही थांबलात म्हणून मी वाचायला शिकले.' सकाळपासून त्या एका ओळीवर आहे ती. जेवायलाही उठली नाही.

नाही, स्पीकरवर नको. तू ती ओळ तिला वाचून सांगू नकोस… अगं, मला नाही का येत वाचून दाखवता? ओठांवर येतं, गिळते. तुला सांगितला होता का तिने कधी शब्द?… मग.

रविवारचं बघू नंतर. पत्रिकेचं काय, लोक विसरतात… रडू नकोस, आवाज जाईल तिच्यापर्यंत… 'मॅडम, तुम्ही' एवढं झालं. आता अडलीय… नाही, गेलं. परत पहिल्यापासून लागली.

करते ना फोन, तिचं झालं की… किती वेळ ते कसं सांगू, स्टेफी. आपल्याला कुठे जायचंय… ठेवते.