शिसं आलं कुठून?

...आणि वर मलाच विचारतात, "दोन्या एर्मिनिया," आमच्याकडे बाईंना मानानं दोन्या म्हणतात, "जुनं यंत्र बरं की नवं?" अहो, तांब्याच्या दहा लाख भागांत शिशाचा एक भाग शोधायचा, तिथे 'बरं' म्हणजे काय? काटेकोरपणा म्हणजे काटेकोरपणा! तुम्हाला सांगते, चिलीत अँटोफगास्ताच्या तांब्याच्या कारखान्यात, आमच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी कोणाला अंगठी घालू दिली नाही, पावडर लावू दिली नाही. माझी मदतनीस नेलिदा एकदा ओठ रंगवून आली, तर तिला दारातूनच परत धाडली!

तर जुन्या यंत्राला तांबं आम्लात विरघळवून द्यावं लागतं. नवं घन तुकडाच घेतं आणि वरचा थर आपला आपण सोलून टाकतं. तुलनेसाठी एकाच तांब्याचे तुकडे दोघांना दिले. नवं म्हणालं, शिसं नावालाच आहे. जुनं म्हणालं, भरपूर! आता विश्वास कोणावर ठेवायचा? काल आलेल्यावर, की ज्याच्यासाठी मी स्वतःच्या हातांनी आम्ल ओतते त्याच्यावर? मी जुन्याच्या आकड्यावर सही केली.

शिसं आलं म्हणजे भंगार न निवडता भट्टीत लोटलं, असा ठपका ठेवून भट्टीवरच्या एलिसेओ मरांबियोला काढलं. एकोणतीस वर्षांची नोकरी हो! टोपी हातात धरून आला. "दोन्या, तारेचा तुकडान् तुकडा मी हातानं निवडतो. एकदा पुन्हा बघा ना!" मी म्हटलं, "एलिसेओ, आकडा कोणाचं तोंड पाहत नाही." काटेकोरपणा म्हणजे काटेकोरपणा!

पुढे नेलिदा बाळंतपणाला गेली. आम्लातच शिसं नाही ना हे पाहायला, तांबं न घालता नुसत्या आम्लाची चाचणी रोज तीच करायची. तांब्याची, महत्त्वाची म्हणून, मी. त्या दिवशी दोन्ही मी केल्या... आणि नुसत्या आम्लात शिसं! तांब्यात सापडलं तेवढंच! बाटली बदलली, हातमोजे बदलले, पाणी बदललं... शिसं! बदलायचं उरलं काय? मी! माझा कलप हो! रोज थोडाथोडा लावून केस काळे करणारा, अलीकडेच बाजारातून आणलेला, शिशाचाच निघाला मेला; वाकून पाहताना टोपीतून सुटलेल्या बटांवरून आम्लात झडत होता!

तशीच कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे, उर्रेहोला साहेबांकडे धावले. "साहेब, चूक माझी आहे. एलिसेओला परत घ्या."

साहेब हसले! "काहीतरीच काय, दोन्या! तीस वर्षांत तुमचा आकडा चुकला नाही. आज चुकला म्हटलं, तर आजवर विकलेलं सगळं तांबं गिऱ्हाईक परत आणून टाकेल. जा, चहा घ्या."

एलिसेओ आता बंदरावर मासे साफ करतो. मला पाहिलं की अजून टोपी काढतो... तेवढं तरी नको होतं हो! मी कलप सोडला, डोकं पांढरंशुभ्र झालं, आणि आता जो तो म्हणतो, "दोन्या, तुमच्याकडे पाहिलं ना, की कसा विश्वास वाटतो!"